ऐब ताक्यात, राग माणसावर

आमच्या बाजारात कापडातील दोषाला 'ऐब' म्हणतात आणि माणसातील दोषालाही 'ऐब'च म्हणतात. शब्द एकच असल्यामुळे व्यवहारातही घोटाळा होतो. ताका उलगडला, त्यात तेलाचा डाग किंवा तुटलेल्या तारेची रेघ निघाली, की बोलणे कापडावरून सुरू होते आणि दोन वाक्यांत विणणाऱ्याच्या आई-बापापर्यंत, त्याच्या गावापर्यंत जाऊन पोहोचते. ताका तसाच बाजूला पडून राहतो. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमाग धंद्यात सुताचा भाव, विजेचे बिल, सुरतेची स्पर्धा यांवर रोज बोलले जाते, आणि बोललेच पाहिजे. पण कारखान्याच्या चार भिंतींत एकाने दुसऱ्याला त्याची चूक कशी सांगावी आणि ऐकणाऱ्याने ती कशी ऐकावी, यावर कोणी बोलत नाही. जणू हा धंद्याचा विषयच नाही. आमच्या मते तो धंद्याचाच विषय आहे आणि त्याचा हिशेब मीटरमध्ये मांडता येतो.

साधा माग मिनिटाला १२० पिक मारतो असे धरू. कापडात इंचाला ६० पिक असतील तर मिनिटाला दोन इंच कापड उतरते, म्हणजे तासाला १२० इंच, सुमारे तीन मीटर. कांडी बदलणे, तार जोडणे, वीज जाणे हे वजा करून अडीच मीटर धरा. बारा तासांच्या दोन पाळ्यांत साठ मीटर. आता समजा फणीचे एक घर वाकले आहे आणि कापडात उभी बारीक रेघ पडते आहे. ताके घडी होऊन व्यापाऱ्याकडे गेले, तेथून रंगाई-छपाईसाठी पाली किंवा बालोतऱ्याला गेले. रंग चढल्यावर रेघ उठून दिसली. तेथून व्यापाऱ्याला निरोप, व्यापाऱ्याकडून कारखानदाराला, कारखानदाराकडून मेहताजीला आणि मेहताजीकडून मागावरच्या माणसाला. यात पंधरा दिवस सहज जातात. दोन शुक्रवारची सुट्टी वजा केली तरी तेरा दिवस, म्हणजे एका मागावर ७८० मीटर कापडात तीच रेघ. फणीचे घर सरळ करायला जॉबरला थोडा वेळ पुरला असता.

आता खरी गोष्ट अशी की रेघ पडते आहे हे मागावरच्या माणसाला पहिल्याच दिवशी दिसले होते. दिवसभर कापड त्याच्या डोळ्यांसमोर रुळावर गुंडाळले जाते. त्याला दिसले नाही असे क्वचितच होते. मग तो बोलला का नाही? कारखानदार म्हणतो, "इन लोगों को काम की परवा नहीं." आम्ही या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत, हे उत्तर आम्हाला पटत नाही. परवा नसलेला माणूस बारा तास त्या आवाजात उभा राहत नाही.

तो बोलत नाही कारण बोलणे त्याला परवडत नाही. मजुरी मीटरवर आहे. माग थांबवला, जॉबरला हाक मारली, जॉबर दुसऱ्या खात्यात गेला आहे, तो येईपर्यंत तास गेला, तर तो तास विणकराच्या खिशातून गेला. वर त्याने स्वतः होऊन ऐब दाखवला तर कटौतीची वहीही त्याच्याच नावावर उघडते. न दाखवता ताका निघून गेला तर पंधरा दिवसांनी कोणाच्या पाळीत काय झाले हे कोणाला कळणार? दिवसपाळीचा माणूस रात्रपाळीवर ढकलतो, रात्रपाळीचा दिवसपाळीवर. गप्प राहणे स्वस्त आणि बोलणे महाग, असा भाव आपणच ठरवून ठेवला आहे. मग माल गप्प राहणाऱ्यांचाच मिळणार.

कायद्यानेही या बाबतीत थोडा विचार केलेला आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला मजुरीच्या तीन टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि कामगाराला आपले म्हणणे मांडू दिल्याशिवाय दंड करू नये असे सांगितले होते. २०१९ च्या वेतन संहितेनेही तीन टक्क्यांची मर्यादा आणि म्हणणे ऐकून घेण्याची अट ठेवली आहे. दंडाची रक्कम मालकाच्या गल्ल्यात जात नाही, ती कामगारांच्याच हितासाठी वापरायची असते. मालाच्या नुकसानीबद्दलची कपात वेगळी, पण तीही झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त करता येत नाही आणि तिच्यासाठीही आधी ऐकून घ्यावे लागते. आपल्याकडे किती खात्यांत हे पाळले जाते हे वाचकांना आम्ही सांगायला नको. आम्हाला येथे कायद्याचा धाक घालायचा नाही. कायद्याने जे मागितले आहे तेच चांगल्या मालासाठीही लागते, एवढेच दाखवायचे आहे. ऐकून घ्या, मग ठरवा.

सांगण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहितो. आपल्या कारखान्यांत चूक सांगण्याच्या दोन रीती चालतात. एक, सर्वांसमोर ओरडणे, "आँखें फूट गई थीं क्या?" दुसरी, काहीच न बोलता मजुरीच्या दिवशी पैसे कापणे. दुसरी रीत सभ्य दिसते, पण आमच्या मते ती पहिलीपेक्षा वाईट आहे. ओरडण्यात निदान चूक कोणती हे कळते. मुकाट्याने पैसे कापले तर माणसाला फक्त आकडा दिसतो. कोणत्या ताक्यात, कोणत्या मीटरवर, काय झाले हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तो तेच करतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. ताका उतरला की त्याच्या टोकावर मागाचा नंबर, पाळी आणि तारीख लिहा. घडीवाल्याला ऐब दिसला की त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधू द्या. मग मागावरच्या माणसाला बाजूला बोलवा, ताका उजेडात धरा आणि दोऱ्याच्या जागी बोट ठेवून विचारा, "भाई, हे काय झाले?" आधी विचारणे महत्त्वाचे आहे. दहापैकी कित्येक वेळा उत्तर असे निघते की चूक त्याची नव्हतीच. बीम साइझिंगमधूनच कच्चे आले होते, सुताच्या एका पेटीत वेगळ्या काउंटचे सूत मिसळले होते, किंवा कांडी ढिली भरलेली होती. मालेगावात कितीतरी घरांत आमच्या आया-बहिणी कांड्या भरतात. त्यांच्यापर्यंत तर चांगला-वाईट कसलाही निरोप कधी जात नाही. कांडी ढिली भरली तर बाण्याचा पट्टा पडतो, आणि तो बहुतेक वेळा रंग चढल्यावरच दिसतो. भरणारीला हे कोणी सांगितलेलेच नसते, आणि तिची मजुरी मात्र परस्पर कमी केली जाते.

दुसरे असे की, विशेषणे सोडून माप वापरावे. परदेशी माल पाठवणारे व्यापारी कापड चार-पॉइंट पद्धतीने तपासतात. तीन इंचांपर्यंतच्या ऐबाला एक पॉइंट, तीन ते सहा इंचांना दोन, सहा ते नऊला तीन आणि नऊच्या वर चार. एका यार्डात कितीही ऐब असले तरी चारच्या वर पॉइंट धरत नाहीत. शंभर चौरस यार्डांत चाळीस पॉइंटपर्यंतचा माल बहुतेक ठिकाणी पहिल्या दर्जाचा समजतात. ही पद्धत आपल्या साध्या ग्रे मालाला जशीच्या तशी लागू करा असे आम्ही म्हणत नाही. पण "तुझा माल बेकार आहे" आणि "तुझ्या ताक्यात मागच्या आठवड्यात ३० पॉइंट होते, या आठवड्यात ४४ आहेत" या दोन बोलण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या बोलण्याला माणूस रागावतो. दुसऱ्या बोलण्यावर तो विचारतो, वाढले कशामुळे? आणि पॉइंट कमी झाले तर तेही त्याच तोंडाने सांगावे. "तारीफ केली की डोक्यावर बसतात" असे म्हणणाऱ्या सेठ लोकांनी आजवर कोणाची तारीफ करून पाहिली आहे का, अशी आम्हाला शंका आहे.

दीनाच्या बाबतीत आपण सर्व जाणकार आहोत, म्हणून फक्त आठवण देतो. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून ओल लागली. त्यांनी आधी विचारले की हे काय आहे. दुकानदाराने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य वर ठेवायला हवे होते, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी सांगितले, आणि त्यानंतर फसवणुकीबद्दलचा कडक हुकूम सर्वांसाठी म्हणून दिला. क्रम पाहा. हात घालून स्वतः तपासले, विचारले, ऐकून घेतले, दुरुस्ती दाखवली, आणि सर्वात शेवटी हुकूम. आपल्या खात्यांत हुकूम पहिला असतो आणि तपासणे शेवटी, तेही झाले तर. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे खिदमत केली आणि एकदाही त्यांना उफ ऐकावे लागले नाही, ही हदीस आपण मजलिसीत ऐकतो, डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी खात्यात जाऊन मागवाल्याच्या सात पिढ्या काढतो.

आता ऐकून घेण्याबद्दल. हे सांगण्यापेक्षा कठीण आहे, विशेषतः वरच्या माणसाला. बद्रच्या वेळी फौजेचा मुक्काम पडला तेव्हा हजरत हुबाब बिन मुंझिर (रजि.) यांनी विचारले की ही जागा अल्लाहच्या हुकमाने ठरली आहे की हे लढाईचे मत आहे. मत आहे असे कळल्यावर त्यांनी पाण्याजवळची दुसरी जागा सुचवली आणि मुक्काम हलवला गेला, असे सीरतच्या किताबांत येते. आपल्याकडे एखाद्या मागवाल्याने विचारले की, "सेठ, हे सूत बदलल्यापासून तार फार तुटते," तर उत्तर मिळते, "सूत तू घेतोस की मी?" बस. यानंतर सुताबद्दल कोणी बोलणार नाही. दोन मागांमधल्या जागेत तो आपल्या साथीदाराशी बोलेल, चहाच्या टपरीवर बोलेल, पण सेठशी नाही. मग त्याला आपण गीबत म्हणतो. तोंडावर बोलायची वाट आपणच बंद केलेली असते.

मधला माणूस हा आणखी एक प्रश्न आहे. मेहताजी म्हणा, दिवाणजी म्हणा, मुकादम म्हणा. खालची तक्रार वर जाताना त्याच्याजवळ गाळली जाते आणि वरचा राग खाली येताना त्याच्याजवळ दुप्पट होतो. त्याचाही इलाज नसतो, कारण वाईट बातमी घेऊन वर जाणाऱ्यालाच आधी बोलणी बसतात. शिकलेल्या मुलांनाही हेच सोसावे लागते. बापाने पैसे खर्चून मुलाला टेक्स्टाइलचा डिप्लोमा करवला. मुलगा खात्यात आला आणि म्हणाला, "अब्बा, या मागांचे तेल-पाणी वेळेवर होत नाही, म्हणून डाग पडतात." अब्बा म्हणाले, "कल के बच्चे हो." मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. अशी घरे आमच्या ओळखीत एकापेक्षा जास्त आहेत.

जपानची एक गोष्ट मागाशी संबंधित असल्यामुळे येथे सांगण्याजोगी आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. त्याने माग सुधारण्यात आयुष्य घालवले. १९२४ साली त्याने आणि त्याच्या मुलाने पूर्ण स्वयंचलित माग तयार केला. तार तुटली की हा माग स्वतःच थांबत असे. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या नामांकित कंपनीने घेतले. पुढे या घराण्याने मोटारी काढल्या, आणि मागावरची तीच युक्ती माणसांना लावली. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी टांगलेली असे. काही बिघडलेले दिसले की साध्या कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, वरचा माणूस धावत येतो, काय झाले ते विचारतो. तेवढ्यात दुरुस्ती झाली तर ठीक, नाहीतर साखळी थांबते. दोरी ओढणाऱ्याची मजुरी त्यासाठी कापली जात नाही. ज्या जपानी मोटारी आज आपल्या रस्त्यांवर धावतात त्यांच्या कीर्तीमागे मागाची ही अक्कल आहे. आपल्याकडे साध्या मागांवर बाण्याची तार तुटली तर थांबवणारा काटा असतो, ताण्यासाठी बहुधा काही नसते. ताण्याचा काटा म्हणजे विणणारा माणूस, आणि त्याला थांबण्याची इजाजत नाही.

बकऱ्यांचा व्यापार करणाऱ्या आमच्या भावांना दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर असतो, त्याच्या हाताखाली व्रणोपचारक आणि परिचर असतात. जनावर मुके आहे, ते स्वतः सांगत नाही. त्याला धरून ठेवलेल्या परिचराला श्वास बदललेला आधी जाणवतो. पोट उघडून ऑपरेशन केले तर शिवण्याआधी कापसाचे आणि जाळीचे बोळे मोजतात. परिचर म्हणाला, "साहेब, एक कमी आहे," आणि साहेब घाईत म्हणाले, "मी शिकलोय की तू?" तर बोळा आत राहतो आणि जनावर काही दिवसांनी मरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये माणसांच्या ऑपरेशनसाठी जी यादी काढली तिच्यात चीर देण्याआधी सर्वांनी आपले नाव आणि काम सांगावे असे कलम आहे. हेतू हा की ज्याने एकदा तोंड उघडले आहे तो गरजेच्या वेळी पुन्हा उघडेल. जनावरांच्या डॉक्टरांनीही पुढे तशा याद्या वापरायला घेतल्या. कापडही जनावरासारखेच मुके आहे. त्याचा हाल जवळच्या माणसालाच कळतो.

येथवर कारखानदारांबद्दल लिहिले, पण पेढीवर बसणाऱ्या व्यापारी बिरादरीला सोडून चालणार नाही. काही पेढ्यांची रीत अशी आहे की माल आल्या दिवशी ऐब दिसतो आणि ते गप्प बसतात. माल पुढे विकून टाकतात. तीन महिन्यांनी कारखानदार पैसे मागायला आला की मग वही काढतात, "तुमच्या मालात ऐब होता, इतकी कटौती." हे ऐब सांगणे नव्हे, ही वसुली आहे. फिकहमध्ये खियार-ए-ऐब हा खरेदीदाराचा हक्क आहे. ऐब निघाला तर माल परत करता येतो. पण ऐब कळल्यानंतर तोच माल वापरला किंवा विकला तर रजामंदी झाली असे धरतात आणि परत करण्याचा हक्क जातो. विकणाऱ्यानेही ऐब लपवायचा नाही, सांगून विकायचा. हे दोन्ही बाजूंनी पाळले तर दलालांची निम्मी भांडणे मिटतील. आमची सूचना अशी की माल पोहोचल्यापासून सात दिवसांत ऐबाचा नमुना कापून, मागाचा नंबर लिहून कारखानदाराकडे पाठवावा. त्यानंतर कटौतीची गोष्ट काढू नये. रंगानंतरच दिसणाऱ्या पट्ट्यासाठी मुदत वेगळी ठरवावी, पण ती सौदा होतानाच.

कारखानदार भावांचा आक्षेप आम्हाला माहीत आहे. "बारा-चोवीस मागांचे खाते, मंदी चालू, माणूस आज पेशगी घेतो आणि उद्या शेजारच्या खात्यात जातो. त्याच्याशी कोण बोलत बसणार?" पेशगीची अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर आमच्याजवळ या लेखात नाही. पण माणूस खाते का बदलतो हेही कधी विचारून पाहावे. प्रत्येक वेळी कारण पैसा नसतो. जेथे रोज बेइज्जती होते तेथून माणूस त्याच मजुरीवरही निघून जातो.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी एक साधी वही करावी. तारीख, मागाचा नंबर, पाळी, ऐब काय, कोणी दाखवला, कारण काय निघाले, दुरुस्त कधी झाले. मागवाल्याने स्वतः दाखवलेल्या ऐबाची कटौती नाही, हे सर्वांसमोर एकदा जाहीर करावे आणि मग पहिल्या नुकसानीच्या वेळी जीभ आवरून ते पाळावे. जॉबरची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचे काही पैसे ठरवून द्यावेत, थोडे का असेनात. वहीत एक पान सेठच्या चुकांसाठीही असावे, म्हणजे चुकीचे सूत, उशिरा आलेले बीम, न बदललेला पट्टा. वही मेहताजीच्या पेटीत न ठेवता खात्यात टांगावी. ज्याला लिहिता येत नाही त्याचे घडीवाल्याने लिहून घ्यावे.

पहिल्या महिन्यात वहीतील ऐबांची संख्या पूर्वीच्या कटौतीच्या वहीपेक्षा बरीच जास्त निघेल. कारखानदार घाबरतील, म्हणतील माल बिघडला. माल तोच असेल. आजवर जे पाली आणि बालोतऱ्याला जाऊन दिसत होते ते आता खात्यातच दिसू लागले असेल. बहुतेक ठिकाणी वही नेमकी याच वेळी बंद केली जाते. निदान तीन महिने ती चालू द्यावी, आणि मग पेढीवरून परत आलेल्या ताक्यांची बेरीज तिच्याशेजारी ठेवून पाहावी.